एकेका पेशीची नोंदवही

आदिवासी तालुक्यांतील शाळांतून आणि आरोग्य केंद्रांतून आता सिकलसेलची तपासणी होते. मुलाच्या बोटाला सुई टोचतात, रक्ताचा एक थेंब औषधी पाण्याच्या नळीत टाकतात, आणि पाणी गढूळ झाले तर वहीत त्या मुलाच्या नावापुढे 'पॉझिटिव्ह' असा शब्द लिहितात. घरी तो शब्द पोहोचला की आईबापांच्या मनात काहूर उठते. मुलगी असेल तर तिच्या लग्नाची काळजी त्याच दिवशी सुरू होते. पण या शब्दाचा अर्थ नेमका काय, असे विचारले तर त्या एका शब्दावरून कोणालाच सांगता येणार नाही. विद्राव्यतेची ही चाचणी रक्तात सदोष हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते. मूल रोगी आहे की केवळ वाहक आहे, हे ती सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही दुसरी चाचणी करावी लागते. शिवाय मूल सहा महिन्यांच्या आतील असेल तर पहिल्या चाचणीवर विसंबता येत नाही. आणि गेल्या तीन महिन्यांत त्याला कोणाचे रक्त भरले असेल, तर दुसऱ्या चाचणीचे उत्तरही फसवे ठरू शकते, कारण मग आपण काही अंशी रक्तदात्याचेच रक्त तपासत असतो.

म्हणजे 'पॉझिटिव्ह' या शब्दाशेजारी चार गोष्टी लिहिल्या पाहिजेत: कोणती चाचणी, मुलाचे वय, रक्त भरले होते काय, आणि तपासणीची तारीख. त्या लिहिल्या तर पेठची वही नाशिकला वाचता येईल, नाशिकची मुंबईला, आणि वीस वर्षांनी येणाऱ्या डॉक्टरलाही ती उपयोगी पडेल. न लिहिल्या तर वही भरलेली असूनही रिकामी.

आमच्या आजच्या विषयाचे मर्म एवढेच आहे. विषयाचे नाव मात्र बोजड आहे. शरीरातील एकेका पेशीतील जनुकांचे वाचन, आणि त्या वाचनातून जमणाऱ्या अफाट माहितीचे प्रमाणीकरण व देवघेव. नावाने दबून जाण्याचे कारण नाही. ज्यांनी बाजारात मापटे पाहिले आहे, त्यांना हा विषय कळण्यासारखा आहे.

मापाची गोष्ट

आमच्या वडीलधाऱ्यांच्या काळी शेर, पायली आणि मण ही मापे सर्वत्र होती. पण एकाच नावाखाली गावोगाव निराळी. मुंबईचा जुना मण अठ्ठावीस पौंडांचा होता, तर बंगाली मण ब्याऐंशी पौंडांहून अधिक. 'दहा मण धान्य' असे पत्रात लिहिलेले असले तरी ते कोठल्या मणाने हे कळल्यावाचून त्या पत्रावर व्यवहार करता येत नसे. घड्याळाचीही तीच तऱ्हा होती. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली सुरू झाली. पण मुंबई शहराने आपली 'मुंबई वेळ' १९५५ सालापर्यंत टिकवली. ती प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटे मागे असे. रेल्वेची वेळ एक आणि शहराची वेळ दुसरी असताना गाडी चुकण्याची धास्ती प्रवाशालाच असे. पुढे १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि किलो व मीटर टप्प्याटप्प्याने आले. १९५७ साली दशमान नाणी आली. तेव्हा कुरकूर पुष्कळ झाली. पण आज नागली पेठमध्ये तोला किंवा वलसाडमध्ये तोला, किलो तोच आहे.

ध्यानात घ्यावयाचे ते हे, की प्रमाणीकरणाने कोणाच्या शेतातील नागली बदलत नाही. बदलते ते एवढेच, की एकाच्या मोजणीवर दुसऱ्याला विश्वासाने हिशेब करता येतो.

एका पेशीकडे पाहण्याची कला

आता पेशींकडे वळू. माणसाच्या शरीरात सुमारे ३७ लाख कोटी पेशी असाव्यात, असा एक अंदाज आहे. ज्या पेशींना केंद्रक असते, त्यांपैकी बहुतेकांच्या केंद्रात डीएनएचा तोच ग्रंथ असतो. डोळ्यातील पेशी आणि यकृतातील पेशी यांच्या जवळची पोथी एकच. पण प्रत्येक पेशी तिची निरनिराळी पाने वाचते. जे पान वाचले जाते, त्याची नक्कल आरएनएच्या रूपाने पेशीत तयार होते. पेशीतील आरएनए मोजले म्हणजे ती पेशी कोणते काम करीत आहे याचा सुगावा लागतो. प्रथिने बनविणारी जनुके माणसात सुमारे वीस हजार आहेत. तेव्हा एका पेशीचे वर्णन म्हणजे वीस हजार रकान्यांची एक ओळ होय.

पूर्वी हे मोजण्याची रीत अशी होती की ऊतींचा तुकडा घेऊन त्यातील लाखो पेशी एकत्र विरघळवाव्या आणि सगळ्यांचे मिळून आरएनए मोजावे. नागली, वरई आणि उडीद एकाच जात्यातून काढून त्या पिठावरून पिकाचा अंदाज बांधण्यासारखे हे होते. पीठ काळपट आहे एवढे कळे. दाणे कसे होते ते कळत नसे. २००९ साली उंदराच्या चारपेशी अवस्थेतील गर्भाची एक पेशी घेऊन तिच्यातील आरएनए वाचण्यात आले. पुढे २०१५ च्या सुमारास तेलातील सूक्ष्म थेंबांची युक्ती निघाली. एका थेंबात एक पेशी आणि एक मणी. मण्यावर त्याची स्वतःची सांकेतिक खूण असते. पेशी फुटली की तिच्या आरएनएच्या प्रत्येक नकलेला ती खूण चिकटते. मग सर्व थेंब एकत्र करून वाचले, तरी कोणती नक्कल कोणत्या पेशीची हे खुणेवरून वेगळे काढता येते. लग्नघरी भांड्यांवर घरोघरची नावे कोरलेली असली म्हणजे जेवणावळीनंतर ती ज्याच्या त्याला परत देता येतात, तसाच हा प्रकार. या युक्तीने एका दिवसात हजारो पेशी निरनिराळ्या वाचणे शक्य झाले.

याचा उपयोग काय, हे सिकलसेलच्याच उदाहरणाने सांगतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जनुकात एका अक्षराचा बदल होतो. त्यामुळे सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते. प्राणवायू कमी झाला की असे हिमोग्लोबिन काड्यांसारखे एकमेकांस चिकटते, तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. त्या वेळच्या वेदना ज्याने पाहिल्या आहेत, त्याला त्यांचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. आईच्या पोटात असताना मात्र मुलाच्या रक्तात गर्भावस्थेतील निराळे हिमोग्लोबिन असते. ते अशा काड्या होऊ देत नाही. जन्मानंतर ते बहुतांशी बंद होते. पण काहींच्या रक्तात ते मोठेपणीही बऱ्याच प्रमाणात टिकते आणि त्यांचा रोग सौम्य राहतो.

समजा, दोन रुग्ण आहेत आणि दोघांच्याही रक्तात हे हितकारक हिमोग्लोबिन सरासरीने वीस टक्के आहे. कागदावर दोघे सारखे. पण पहिल्याच्या प्रत्येक पेशीत ते थोडे थोडे आहे, आणि दुसऱ्याच्या थोड्याच पेशींत ते भरपूर असून बाकीच्या पेशी कोरड्या आहेत. दुसऱ्याच्या त्या कोरड्या पेशी वाकणारच. सरासरीने हा भेद झाकला जातो. एकेक पेशी पाहिली तरच तो उघड होतो. तांबड्या पेशीला पक्व झाल्यावर केंद्रक राहत नाही. म्हणून कोणती पेशी कोणते जनुक चालू ठेवते हे पाहावयाचे तर अस्थिमज्जेतील तिच्या पूर्वावस्थांपर्यंत जावे लागते, आणि तेथे एकेका पेशीचे वाचन फार उपयोगी पडते.

घोळ कोठे होतो

मोजणीची ही कला हाती आल्यावर जगभरच्या प्रयोगशाळा पेशी वाचू लागल्या आणि लौकरच मणांचा जुना घोळ नव्या रूपाने उभा राहिला.

पहिला घोळ नावांचा. एकच जनुक दोन प्रयोगशाळांत दोन नावांनी ओळखले जाते. ज्या प्रथिनाला रक्ततज्ज्ञ 'सीडी२०' म्हणतात, त्याच्या जनुकाचे अधिकृत नाव 'एमएस४ए१' आहे. हे ठाऊक नसलेल्या यंत्राला ती दोन निराळी जनुके वाटतील. पेशींच्या नावांचेही तसेच. एकाने जिला 'सक्रिय' पेशी म्हटले, तिला दुसरा आणखी काही म्हणतो. म्हणून आता जनुकांना कायमचे क्रमांक दिले आहेत आणि पेशींच्या प्रकारांचा एक सर्वमान्य कोश तयार केला आहे. प्रत्येकाने आपल्याला हवे ते नाव वापरावे. पण शेजारी कोशातील क्रमांक लिहावा.

दुसरा घोळ हास्यास्पद वाटेल, पण तो खरा आहे. काही जनुकांची नावे 'मार्च१', 'सेप्ट२' अशी होती. संशोधक ती एक्सेलच्या तक्त्यात भरीत, आणि तो तक्ता त्यांना महिन्यांची नावे समजून एक मार्च, दोन सप्टेंबर अशा तारखा करून टाकी. २०१६ साली झालेल्या एका पाहणीत असे आढळले, की एक्सेलमधील जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एकपंचमांश निबंधांत अशा चुका होत्या. अखेर २०२० साली नावे ठरविणाऱ्या समितीने या जनुकांचीच नावे बदलली. गणकयंत्राला शिस्त लावण्यापेक्षा जनुकांचे बारसे पुन्हा करणे सोपे पडले!

तिसरा घोळ अधिक खोल आहे. एकाच माणसाचे रक्त सोमवारी एका प्रयोगशाळेत वाचले आणि गुरुवारी दुसऱ्या प्रयोगशाळेत वाचले, तर आकडे थोडे निराळे येतात. रसायनांची खेप निराळी, यंत्र निराळे, नमुना बर्फात किती वेळ होता तो काळ निराळा. पहिल्या प्रयोगशाळेने सर्व निरोगी माणसे तपासली आणि दुसरीने सर्व रुग्ण, तर दिसणारा फरक रोगाचा की प्रयोगशाळेचा, हे कोण सांगणार? यावर गणिती उपाय आहेत, पण ते चालण्यासाठी कोणता नमुना कोणत्या दिवशी, कोणत्या रीतीने आणि कोणत्या खेपेच्या रसायनांनी वाचला हे लिहिलेले असावे लागते. शिवाय मूळ मोजणी द्यावी लागते. पुष्कळदा संशोधक आपल्या सोयीने आकडे सारखे करून, गाळून, मग तेवढेच प्रसिद्ध करतात. सोललेल्या तांदळावरून भाताच्या लोंबीचा अभ्यास होत नाही.

चौथा घोळ ओळखीचा. १९५१ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतून घेतलेल्या पेशी प्रयोगशाळेत अखंड वाढू लागल्या. त्यांना 'हेला' हे नाव मिळाले आणि त्या जगभर वाटल्या गेल्या. १९६६ साली असे दाखविण्यात आले, की निरनिराळ्या अवयवांच्या म्हणून सांभाळलेल्या अनेक पेशी प्रत्यक्षात हेलाच होत्या. कोठेतरी एक थेंब दुसऱ्या बाटलीत गेला होता, आणि चिठ्ठी मात्र जुनीच राहिली. म्हणून पेशींचा संग्रह करणाऱ्या संस्थेला प्रत्येक पेशीवंशाची ओळख पुनःपुन्हा पटवून घ्यावी लागते. आपल्या राज्यात पुण्याच्या विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात पेशीवंशांचा असा राष्ट्रीय संग्रह आहे, आणि तेथून देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी पुरविल्या जातात.

मुंबईच्या रक्ताची साक्ष

चिठ्ठी पुरेशी नसली तर काय होते याचे आपल्या घरचे उदाहरण आहे. १९५२ साली मुंबईचे डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात एका नव्या रक्तगटाची नोंद केली. हीच पुढे 'बॉम्बे ब्लड ग्रुप' या नावाने जगाला माहीत झाली. अशा माणसाच्या रक्ताची नेहमीची तपासणी केली तर उत्तर 'ओ' येते. पण ओ गटाच्या पेशींवर असणारा 'एच' नावाचा पदार्थही त्याच्या पेशींवर नसतो. उलट त्याच्या रक्तद्रवात त्या पदार्थाविरुद्धचे प्रतिपिंड असतात. म्हणून त्याला साधे ओ गटाचे रक्त दिले तर ते जिवावर बेतू शकते. त्याला केवळ त्याच्यासारख्याच दुर्मिळ माणसाचे रक्त चालते.

याचा बोध दुहेरी आहे. 'ओ' हे अक्षर चुकीचे नव्हते. ते अपुरे होते. एच पदार्थाची तपासणी केली की नाही हे त्या चिठ्ठीवर नव्हते. आणि दुसरे असे की अशा माणसाला गरज पडते तेव्हा त्याचा जीव दुसऱ्या गावच्या नोंदवहीवर अवलंबून असतो. अमुक गावी असा दाता आहे, हे ज्या रुग्णालयाला ठाऊक आहे ते इतरांना सांगेल तरच रक्त मिळेल. १९५७ साली मुंबईत रक्तगटांसाठी एक संदर्भकेंद्र सुरू झाले. त्याचेच पुढे राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्थेत रूपांतर झाले. एका डॉक्टरचा शोध सर्वांचा झाला तो नोंद, पडताळा आणि देवघेव या तीन गोष्टींमुळे.

आकडे जपून ठेवण्याचा आणखी एक दाखला सांगण्याजोगा आहे. १९५१ साली डेक्कन कॉलेजतर्फे डॉ. इरावती कर्वे आणि वि. म. दांडेकर यांचा महाराष्ट्रातील लोकांच्या शरीरमापनावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. अशा कामात मोजण्याचे बिंदू आणि साधने आधी ठरवून घ्यावी लागतात, नाहीतर दोन मोजणाऱ्यांचे आकडे एकत्र करता येत नाहीत. त्या काळच्या मानववंशशास्त्राचे पुष्कळसे सिद्धांत आज कोणी मानीत नाही. सिद्धांत जुने होतात. नीट मोजून नीट छापलेले आकडे मात्र पुढच्या पिढीला नव्या प्रश्नांसाठी वापरता येतात.

देवघेवीने काय साधले

मानवी जनुकसंचाचे वाचन चालू असताना १९९६ साली बर्म्युडा बेटावर जमलेल्या शास्त्रज्ञांनी एक नियम केला: वाचलेला मजकूर चोवीस तासांच्या आत सर्वांना खुला करावयाचा. २००३ साली ते वाचन पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. पुढे २०१६ साली लंडन येथे मानवी पेशींचा नकाशा तयार करण्याचा जागतिक उपक्रम सुरू झाला. अविव रेगेव आणि सारा टाइखमन या दोन विदुषी त्याच्या अग्रभागी आहेत. त्याच वर्षी माहितीच्या जतनाची चार सूत्रे प्रसिद्ध झाली. माहिती सापडली पाहिजे, हाती आली पाहिजे, दुसऱ्या माहितीशी जुळली पाहिजे, आणि पुन्हा वापरता आली पाहिजे.

आज पेशींची माहिती ठेवण्यासाठी 'ॲनडेटा' नावाची एक साचेबंद फाइल सर्रास वापरतात. तिच्यात मोजणीचा तक्ता, प्रत्येक पेशीची माहिती आणि प्रत्येक जनुकाची माहिती या तिन्ही गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात, म्हणजे तक्ता एकीकडे आणि त्याचा अर्थ दुसरीकडे असे होत नाही. 'सेल-बाय-जीन' या सार्वजनिक भांडारात अशा कोट्यवधी पेशींची माहिती आहे. तेथे माहिती देणाऱ्याला मूळ मोजणी, ऊती, रोग, वय, लिंग, वाचनाची रीत आणि पेशीचा कोशातील क्रमांक द्यावाच लागतो. एखादी गोष्ट माहीत नसेल तर 'माहीत नाही' असे लिहिण्याची मुभा आहे. जागा कोरी सोडण्याची नाही. ही शिस्त आम्हांला फार आवडते.

तिचे फळ २०२० साली दिसले. कोविडची साथ आली तेव्हा विषाणू शरीरात कोणत्या पेशींतून शिरत असेल हा तातडीचा प्रश्न होता. नवे नमुने गोळा करण्यास वेळ नव्हता. पण साथीपूर्वी निराळ्याच हेतूने वाचलेल्या, आणि एकाच रीतीने मांडून ठेवलेल्या पेशींच्या नोंदी हाताशी होत्या. त्या एकत्र करून शास्त्रज्ञांनी एप्रिल महिन्यातच दाखवून दिले, की विषाणूला लागणारी दारे नाकाच्या आतील अस्तराच्या काही पेशींवर विशेष आहेत.

सिकलसेलच्या बाबतीतही असेच घडले. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन बंद करणाऱ्या बटणाचा, म्हणजे 'बीसीएल११ए' या जनुकाचा सुगावा २००७-०८ च्या सुमारास अनेक लोकांच्या जनुकीय माहितीच्या तुलनेतून लागला. त्यांत इटलीच्या सार्डिनिया बेटावरील लोकही होते. त्या बटणावर नेम धरणारा 'कॅसजेव्ही' हा जनुकसंपादनाचा उपचार २०२३ साली ब्रिटन आणि अमेरिका येथे मान्य झाला. त्याची अमेरिकेतील किंमत बावीस लाख डॉलर ठरली. सार्डिनियातील शेतकऱ्याने दिलेल्या रक्ताचा उपयोग दूरच्या रुग्णाला झाला, हे खरे. ते औषध आमच्या घाटांतल्या पाड्यांवरील रुग्णाच्या आवाक्यात नाही, हेही तितकेच खरे.

दोन आक्षेप

येथे दोन आक्षेप घेतले जातील. पहिला संशोधकाचा. आम्ही रात्रंदिवस खपून माहिती जमवावी आणि दुसऱ्याने घरबसल्या तीवर निबंध लिहावा, हा कोठला न्याय? आक्षेप अगदीच निराधार नाही. त्यावर उपाय असा की माहिती देणाऱ्याचे नाव तिच्याबरोबर कायमचे जोडलेले असावे, आणि जो ती वापरील त्याने त्याचा निर्देश करावा. मात्र संशोधन सरकारी पैशाने झाले असेल तर ते कपाटात कुलूपबंद ठेवण्याचा अधिकार कोणाला नाही. भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०२१ साली या देवघेवीची मार्गदर्शक सूत्रे काढली, आणि २०२२ साली फरिदाबाद येथे भारतीय जैविक विदा केंद्र राष्ट्राला अर्पण झाले.

दुसरा आक्षेप रक्त देणाऱ्याचा आहे, आणि तो आम्हांला अधिक वजनदार वाटतो. अमेरिकेतील हवासुपाई या आदिवासी जमातीने १९९० पासून मधुमेहाच्या संशोधनासाठी आपले रक्त दिले. पुढे त्यांना कळले, की त्याच रक्तावर मनोविकार, अंतर्विवाह आणि जमातीचे मूळ स्थान यांविषयीही अभ्यास झाले. त्यांनी दावा लावला. २०१० साली तडजोड होऊन विद्यापीठाने सात लाख डॉलर दिले आणि उरलेले रक्त परत केले. हेला पेशींचा संपूर्ण जनुकसंच २०१३ साली कुटुंबाला न विचारता प्रसिद्ध झाला. गवगवा झाल्यावर तो मागे घ्यावा लागला, आणि मग कुटुंबाच्या प्रतिनिधींसह एक समिती नेमून परवानगीने माहिती देण्याची रीत ठरली.

नाव खोडले म्हणजे ओळख पुसली, अशी पुष्कळांची समजूत असते. मोठ्या शहरात ते काही अंशी खरे असेल. पण चाळीस घरांच्या पाड्यात 'स्त्री, वय एकोणीस, सिकलसेल' एवढे लिहिले तरी ती कोण हे सगळ्या पाड्याला कळते. पेशींच्या मोजणीच्या तक्त्यांवरूनही, दुसरी माहिती हाताशी असल्यास, माणूस ओळखता येऊ शकतो असे २०२४ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. म्हणून सगळेच सर्वांना खुले असा हट्ट धरणे बरोबर नव्हे. काही माहिती खुली, काही माहिती अर्ज करून, कारण सांगून आणि बंधने पत्करून मिळावी, अशी पायरी ठेवावी लागते. २०१९ साली आदिवासी समूहांच्या जागतिक मंचाने आणखी एक मागणी पुढे मांडली: माहिती ज्यांची, त्यांचे हित तीतून साधावे आणि तिच्यावर त्यांचा अधिकार राहावा.

आपली जागा कोठे

या दोन आक्षेपांना भिऊन कोणी म्हणेल, की मग आपण यात पडूच नये. आमचे मत तसे नाही. जो नकाशात नाही त्याच्या गावाला रस्ताही होत नाही, हे डोंगरातल्या माणसाला सांगावयास नको. सिकलसेलचे उदाहरण पुन्हा घेऊ. भारतात हा दोष प्रथम १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत नोंदला गेला. येथील आदिवासींत आढळणारे सदोष जनुक 'अरब-भारतीय' नावाच्या निराळ्या जनुकीय पार्श्वभूमीवर असते, आणि तिच्याबरोबर गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण बहुधा अधिक असते. आफ्रिकी वंशाच्या रुग्णांवरून बांधलेले अंदाज आपल्या रुग्णांस जसेच्या तसे लागू पडतीलच असे नाही. आपल्या पेशींच्या नोंदी जगाच्या वहीत नसतील, तर औषधाची मात्रा दुसऱ्याच्या मापाने ठरेल.

सुरुवात झाली आहे. जपान, दक्षिण कोरिया, सिंगापूर, थायलंड आणि भारत या पाच देशांतील ६१९ निरोगी माणसांच्या रक्तातील साडेबारा लाखांहून अधिक रोगप्रतिकारक पेशी एकाच पद्धतीने वाचून २०२५ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वय, लिंग आणि लोकसमूह यांप्रमाणे पेशींचे प्रमाण बदलते असे त्यात दिसले. म्हणजे एका देशातील 'सामान्य' आकडा दुसऱ्या देशात सामान्य असतोच असे नाही. 'जीनोम इंडिया' या योजनेत देशातील ऐंशीहून अधिक लोकसमूहांतील सुमारे दहा हजार माणसांचे जनुकसंच वाचले गेले. त्यांत आदिवासी समूहही आहेत. ती माहिती जानेवारी २०२५ मध्ये फरिदाबादच्या केंद्रातून संशोधकांना रीतसर परवानगीने मिळण्याची सोय झाली. जनुकसंच वाचणे म्हणजे पोथी वाचणे. कोणती पेशी कोणते पान उघडते हे पाहण्याचे काम त्यानंतरचे आहे आणि ते पुष्कळ बाकी आहे.

दरम्यान २०२३ साली सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सुमारे सात कोटी लोकांची तपासणी करावयाची असे ठरले. ही तपासणी करणारे हात पाड्यापाड्यांवरील आरोग्यसेविकांचे आणि आशाताईंचे आहेत. फरिदाबादच्या भांडारातील तक्ता कितीही देखणा असला, तरी त्याची पहिली ओळ कोणीतरी पावसापाण्यात उभे राहून लिहिलेली असते. तिने 'पॉझिटिव्ह' शब्दाशेजारी चाचणीचे नाव लिहिले की नाही, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. तिला त्यासाठी पुरेशा रकान्यांचा कागद, पुरेसा वेळ आणि ते का लिहावयाचे याची समज देणे, हे प्रमाणीकरणाचे पहिले काम आहे.

आणि आपण श्रोत्यांनी काय करावे? आपल्या किंवा आपल्या मुलाच्या रक्ताचा नमुना कोणी मागितला तर नाही म्हणू नये. पण चार प्रश्न विचारावे. हा नमुना कशासाठी? आमची माहिती कोठे आणि कोणाच्या हाती राहील? दुसऱ्या कामासाठी वापरावयाची झाल्यास आम्हांला पुन्हा विचाराल काय? आणि निष्कर्ष आम्हांला आमच्या भाषेत कळवाल काय? पेठ तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. येथील ग्रामसभेला १९९६ च्या कायद्याने विशेष अधिकार आहेत. हे चार प्रश्न ग्रामसभेत विचारले गेले, तर पुण्यामुंबईच्या संशोधकाला त्यांची उत्तरे तयार ठेवावी लागतील.

घरी गेल्यावर आणखी एक काम करता येईल. आपल्या मुलांची तपासणीची कार्डे काढून पाहावी. चाचणीचे नाव, तारीख आणि निकाल हे तिन्ही त्यावर आहेत काय? नसतील तर येत्या बाजाराच्या दिवशी रुग्णालयात जाऊन ते भरून घ्यावे. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक मुलाला हा रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. तो हिशेब ज्या आईबापांना वेळेवर करावयाचा आहे, त्यांच्या हातातील कार्डावर पूर्ण मजकूर असला पाहिजे.